चिमणाबाईंचा दरबार

रविवारी सगळ्यांनी मिळून कळंब्याला जेवायला जायचं, असं दादांनी गुरुवारी संध्याकाळी सांगितलं आणि कुणी काही विचारायच्या आत ते फिरायला निघून गेले. रविवार उजाडेपर्यंत घरातल्या प्रत्येकाने त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावून ठेवला होता.

नृसिंहाचा अर्थ निवडणुकीचा होता. नगरपालिकेचं मतदान पुढच्या महिन्यात होतं आणि तो वकिली सांभाळून पेठेतून उभा होता. दादा म्हणजे जोतीराम मास्तर. चित्रकलेच्या तासाला त्यांच्याकडून कान पिळून घेतलेली निम्मी पेठ आता मतदार झाली होती. मास्तरांनी एकदा, फक्त एकदा, मुलाबरोबर गल्ल्यांतून फिरावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. दादा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ज्या माणसाने जन्मात घरच्यांना कधी हॉटेलात चहा पाजला नाही, तो आता सगळ्यांना जेवायला घेऊन जातोय म्हटल्यावर होकारच असणार. नृसिंहाने सकाळी स्वतःच्या हाताने मोटार धुतली.

पेठ वडगावला दिलेली त्याची धाकटी बहीण विमला माहेरी आली होती. तिचा नवरा गुळाच्या सौद्यांत गुंतलेला, म्हणून ती एकटीच. आईला जाऊन चार वर्षं होत आली होती, तेव्हा आईच्या नावाने शाळेत काही बक्षीस वगैरे ठेवायचं दादांच्या मनात असेल, असं तिने धरून ठेवलं. दादांची थोरली बहीण आक्का नेसरीहून डोळे दाखवायला म्हणून आली होती आणि डोळे दाखवून झाल्यावरही राहिली होती. तिने अर्थबिर्थ लावला नाही. "मटण हाय का तिथं?" एवढंच विचारलं. आणि नृसिंहाच्या बायकोला, सरोजिनीला, इतकंच कळलं की रविवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही. तिला तेवढं पुरेसं होतं.

मुलं शनिवारीच आजोळी गेली होती. ऊन कलल्यावर मोटार निघाली. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला, गुऱ्हाळांचा गोडसर धूर आत येऊ लागला. तलाव दिसायच्या जरा अलीकडे दादा म्हणाले, "इथं डावीकडे घे."

डावीकडे एका फाटकाशी प्लास्टरचे दोन हत्ती उभे होते. एकाला सोंड होती, दुसऱ्याची गळून पडली होती.

"हे काय आहे?" नृसिंहाने विचारलं.

"खानावळ," दादा म्हणाले.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराला गावातली एक सिनेमा कंपनी बंद पडली होती. तिच्या पौराणिक चित्रपटांसाठी बनवलेलं सामान आवाराच्या मागे उघड्यावर पडलं होतं, त्याला कुणी विचारत नव्हतं. कंपनीतल्या माणसांना जेवू घालणाऱ्या चिमणाबाईंनी बैलगाड्या लावून ते सगळं इथं आणलं, वर पत्रे टाकले आणि खानावळ थाटली. आत पोकळ खांब होते, मागे रंगवलेला पडदा होता, सिंहासनं होती, चाकं नसलेला रथ होता. त्या रथात बसून तलावावर फिरायला आलेले दोघे जण भाकरी मोडत होते. दाराशी भाला घेऊन पिराजी उभा होता. कंपनीच्या प्रत्येक चित्रपटात तो असाच दाराशी उभा असायचा. एकदाही त्याच्या तोंडी वाक्य आलं नव्हतं. त्याची भरपाई तो आता करत होता.

"मास्तर सहकुटुंब दरबारात येत आहेत," त्याने खड्या आवाजात पुकारलं. रथातल्या दोघांनी माना वळवून पाहिलं.

नृसिंहाने घाईघाईने टोपी सारखी केली. रथातले दोघे आपल्या पेठेतले नाहीत ना, हे त्याने आधी पाहून घेतलं.

चिमणाबाई चुलीकडून पदर खोचतच आल्या. उंच, सावळ्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी दादांकडे पाहिलंच नाही. बाकीच्यांकडे मात्र एकेक करून नीट पाहिलं.

"या पावणं. हितं कुणी कुठं बसायचं ते मी सांगते, आन काय खायाचं तेबी मीच सांगते. सूनबाई, तुमी ह्या शिंव्हासनावर."

"मी?" सरोजिनी म्हणाली. "आक्का बसतील की."

"आक्कास्नी मेणा हाय. आत गादी घातलीया, पाय पसरून बसू देत. ताई, तुमी मास्तरांच्या जवळ बसा. आन वकीलसाहेब, तुमी ह्या बुंध्यावर."

बुंधा प्लास्टरचा होता. नृसिंह त्याच्यापाशी जाऊन थांबला.

"बसा की. मोडत न्हाय. त्याच्यावर राक्षस बसलाता," पिराजीने धीर दिला.

नृसिंह बसला. बायको सिंहासनावर होती आणि तिच्याकडे बघायला त्याला मान वर करावी लागत होती.

*

सरोजिनीला मजा वाटत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सगळे जेवत असताना आपण बसलोय आणि दुसरं कुणी वाढतंय, असं लग्नाच्या पंगतीखेरीज तिच्या वाट्याला आलं नव्हतं. सिंहासनाच्या हातांवरचे सिंह रंग उडून मांजरासारखे दिसत होते. तिने दोघांच्या डोक्यावर हात ठेवले.

ताटं आली. मटण, तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. आक्कासाठी मटण बारीक तुकड्यांचं, मऊ शिजवलेलं. नृसिंहाच्या ताटात मात्र मऊ भात, साधं वरण आणि ताक.

"माझा रस्सा राहिला," नृसिंह म्हणाला.

"ऱ्हायला न्हाय. तुमाला सोसत न्हाय. रात्री छातीत जळजळतंय न्हवं तुमच्या?"

"कोण म्हणालं?"

चिमणाबाई थांबल्या. "तोंडावर दिसतंय," म्हणाल्या आणि भाकऱ्या आणायला वळल्या.

सरोजिनीचा घास हातातच राहिला. छातीत जळजळतं ते तोंडावर दिसत नाही. तिने सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं. तिच्या रश्श्यावर कोथिंबीर होती, आक्काच्या होती, दादांच्या होती. विमलाच्या नव्हती. विमला लहानपणापासून कोथिंबीर वेचून बाजूला काढायची, हे घरातल्या माणसांशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आक्काला दात नाहीत हे दिसत होतं. पण आक्का मोटारीतून उतरायच्या आत तिचं मटण वेगळं शिजून तयार होतं.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही इथं नेहमी येता का?"

"येतो."

"कधी?"

"बुधवारी. शनिवारीपण."

"बुधवारी-शनिवारी तुम्ही वाचनालयात असता," नृसिंह म्हणाला.

"नसतो," दादा म्हणाले. त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला, बोटं पुसली आणि घसा साफ केला. वर्गात शिरल्यावर करायचे तसा. "मी चिमणाबाईंशी लग्न करायचं म्हणतोय. तुम्ही त्यांना बघावं, त्यांनी तुम्हाला बघावं, म्हणून आणलंय."

रथातून एकाने आणखी रस्सा मागितला.

"दादा," नृसिंह शेवटी म्हणाला, "पुढच्या महिन्यात निवडणूक आहे."

"माहीत आहे. आधी म्हटलं, ती होऊ दे. मग वाटलं, तू निवडून आलास तर आणखी अवघड होईल."

"साठी उलटली तुमची. लोक काय म्हणतील याचा काही विचार?"

"केला. दोन वर्षं तोच केला."

सरोजिनीच्या डोळ्यांसमोर मात्र लोक आले नाहीत, तिचं स्वयंपाकघर आलं. तिथली फळी, तिथले डबे, सासू गेल्यावर तिने आपल्या हाताने लावलेले. आणि त्या डब्यांसमोर ही उंच बाई पदर खोचून उभी. कुणी काय खायचं ते मी सांगते, असं म्हणणारी.

"आपलं स्वयंपाकघर फार लहान आहे, दादा," ती हळू म्हणाली. "दोघी मावणार नाहीत."

नृसिंहाने चमकून वर पाहिलं. गेले काही महिने बायकोचं आणि त्याचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. "बघा," तो म्हणाला, "ही पण तेच म्हणतेय."

विमला ताटावरून उठली आणि मागच्या पडद्याकडे चालत गेली.

*

पडद्यावर नदी होती, घाट होता, घाटाच्या पायऱ्यांवर घडे ठेवलेले होते. पाण्याला निळ्यात किंचित जांभळा रंग दिला होता. तो हात विमलाने लगेच ओळखला. ती शाळेत असताना दादा सुटीच्या दिवशी कंपनीचे पडदे रंगवायला जायचे आणि हातांना टर्पेंटाइनचा वास घेऊन घरी यायचे. आई त्यांना अंगणातच हात धुवायला लावायची.

म्हणजे ही बाई तेव्हापासून होती.

मागे पावलं वाजली. "विमू," दादा म्हणाले.

"आई होती तेव्हापासून ओळखता तुम्ही यांना."

"ओळखतो."

"मग आई होती तेव्हा काय होतं?"

"काही नव्हतं. त्या वाढायच्या, आम्ही वीस-पंचवीस माणसं खाली मान घालून जेवायचो." त्यांनी पडद्यावरच्या एका घड्यावरची धूळ बोटाने पुसली. "एकदा मान वर केली होती. भाकरी चांगली झालीय असं सांगायला. घरी येऊन तुझ्या आईला तेही सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, उद्या माझ्या भाकरीलाही सांगा. तीस वर्षांत एकदा तरी."

विमलाला हसू आलं. ते आलं याचा तिला राग आला आणि डोळे भरून आले.

"तुम्ही विसरलात तिला," ती म्हणाली.

"नाही गं. उलट आहे." दादा पडद्यावरच्या नदीकडे बघत बोलत होते. "तुझ्या आईबद्दल, शालूबद्दल, घरात कुणाशी बोलू? मी तिचं नाव काढलं की नरसू कोर्टाचं काहीतरी काढतो. तू रडतेस. तू रडलीस की मी गप्प बसतो. इथं आलो पहिल्यांदा तेव्हा सहज बोलून गेलो, ती असती तर या हत्तीला बघून पोट धरून हसली असती. चिमणाबाई म्हणाल्या, कशा हसायच्या त्या? असं मला कुणी विचारलं नव्हतं. मग दर बुधवारी येत राहिलो."

"काय सांगितलंत? कशी हसायची?"

"तोंडावर पदर धरून. आवाज मात्र शेजारी जायचा."

"आणि नाकातून," विमला म्हणाली. "शेवटी शेवटी नाकातून."

"ते राहिलं सांगायचं," दादा म्हणाले.

 विमलाचं मन काही पूर्ण निवळलं नव्हतं. पण परत ताटाकडे जाताना ती दादांच्या पुढे गेली नाही, बरोबरीने चालत आली.

*

तोवर इकडे नृसिंहाने आक्काच्या मेण्याजवळ बुंधा सरकवून घेतला होता. घरात शेवटचा शब्द आक्काचाच, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"आक्का, तुमचं ते ऐकतील. तुम्ही नुसतं नाही म्हणा. भावकीत काय तोंड दाखवायचं आपण?"

आक्का रश्श्यात भाकरी कुस्करत होती. तिला घाई नव्हती.

"भावकी," ती म्हणाली. "भावकी म्या बघितलीया, नरसू. माझा मालक गेला तवा मी एकुणीस वर्साची हुतो. भावकी वसरीला बसली, पान खाल्लं, आन उठताना म्हणाली, आक्का आता हितंच ऱ्हाईल. मी आतल्या सोप्यात हुतो. आत येऊन कुणी इचारलं न्हाय, बाई, तुझं काय म्हणणं हाय."

नृसिंहाला हे माहीत होतं, पण आक्काच्या तोंडून त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

"मी काय म्हणालो असतो, ते मलाबी आता सांगता येत न्हाय," आक्का पुढे म्हणाली. "कदाचित न्हायच म्हणालो असतो. पर इचारायला पायजे हुतं. आता जोत्या चार मानसं गोळा करून इचारतोय, तर मी त्याला न्हाय म्हणू व्हय? माझ्यानं व्हायचं न्हाय."

तिने घास तोंडात घातला, हळूहळू चावला आणि चिमणाबाईंना हाक मारली. "बाई, माहेर कुठलं तुमचं?"

"निपाणीकडलं, आक्का."

"मालक?"

"प्लेगात गेलं. पोरबाळ न्हाय."

"मटण ब्येस झालंय."

सरोजिनी सिंहासनावरून हे सगळं ऐकत होती. आक्का दादांच्या बाजूला गेली, विमलाही परत येऊन गप्प बसली होती. उरलो आपण दोघं, नवरा आणि मी, असा हिशेब तिच्या मनात झाला आणि तो तिला फारसा आवडला नाही.

चिमणाबाईंनी भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली. "झालं समद्यांचं इचारून?" त्या म्हणाल्या. "मला कुणी इचारलंय का?"

"मी विचारलं होतं," दादा म्हणाले.

"मग मी काय म्हटलं?"

"घरच्यांना घेऊन या म्हणालीस."

दादांनी त्यांना 'तू' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. दादांनाही ते उशिरा कळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"आता बघितली मानसं," चिमणाबाई म्हणाल्या. "तर माझं उत्तर ऐका, मास्तर. लगीन करायचं तर करू. पर मी पेठंत नांदायला यायची न्हाय."

"म्हणजे?"

"माझी चूल हितं हाय. ह्या पिराजीला म्या सोडलं तर दुसरं कोण हातात भाला देऊन उभं करणार? तुमच्या सूनबाईचं घर हाय त्ये, त्यांनी मांडलंय. त्यात मी कशाला शिरू? आन वकीलसाहेबास्नी रस्सा पचंना, मी कशी पचणार? तुमी हिकडं यायचं. बसून खायाला मिळायचं न्हाय. सकाळी बाजार करायचा, आन हे समदं रंगवून काढायचं."

 हे दादांच्या मनात आलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पेठेतलं घर त्यांनी बांधलेलं होतं. त्याच्या चौकटीवरची वेलबुट्टी त्यांच्या हातची होती. त्यांनी नृसिंहाकडे पाहिलं, सरोजिनीकडे पाहिलं, मग वर पत्र्याकडे, खांबांकडे, रथाकडे. मान खाली घालून ते ताटातला भाकरीचा तुकडा बोटाने सरकवत राहिले. पिराजीनेही भाला भिंतीला टेकवला.

"बाजार मला जमत नाही," दादा शेवटी म्हणाले. "मला भाव करता येत नाही."

"शिकवीन की," चिमणाबाई म्हणाल्या.

"मग येतो," दादा म्हणाले.

*

परतताना दिवेलागण झाली होती. पुढे नृसिंह आणि दादा, मागे तिघी बायका. बाजूच्या शेतात कुठेतरी ऊसतोड संपवून माणसं घरी निघाली होती, त्यांचे आवाज येत आणि मागे राहत.

सरोजिनीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, आणि पहिला अर्धा मैल वाटलंही. स्वयंपाकघर वाचलं होतं. मग तिला दुपार आठवली. नृसिंह कोर्टात, मुलं शाळेत, आणि घरात ती आणि दादा. तिने तांदूळ निवडायचे आणि त्यांनी समोर बसून वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचायच्या, मधेच थांबून "हे बघ, काय वेड्यासारखं लिहिलंय" म्हणायचं. दिवसभरात तिच्याशी कुणी धड बोलत असेल तर तेच. आता पुढे ती दुपार तिला एकटीने काढायची होती. आपण सिंहासनावर बसून त्यांना काय म्हणालो, तर स्वयंपाकघर लहान आहे.

"लोकांना काय सांगायचं मी?" नृसिंहाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. आवाजात आता भांडण नव्हतं, थकवा होता. "प्रचाराला दारोदार जायचंय. वडील कुठं असतात म्हणून विचारलं तर?"

"सांग, बाप कळंब्याला नांदायला गेला," आक्का मागून म्हणाली.

विमला आधी हसली. पदर तोंडावर धरून, आणि मग नाकातून. ते ऐकून दादा एकदम मागे वळले, तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःही हसायला लागले. नृसिंहाला हसू आवरता येईना. त्याने मोटार जरा सावकाश केली.

हसणं ओसरल्यावर सरोजिनी पुढे वाकली. "दादा, नांदायला जाताय तर रीतीने जा. मी पाठवणी करीन. आणि सणासुदीला माहेरपणाला यायचं. आठ-आठ दिवस राहायचं. बातम्या वाचून दाखवायच्या."

 दादांनी काच खाली केली, परत वर केली.

"येईन," ते म्हणाले. "पण माहेरवाशिणीला न्यायला कुणीतरी यावं लागतं. आपणहून यायची रीत नाही."

 ते उत्तर द्यायचं कुणाचं काम, हे तिघींनाही कळत होतं. गावाचे दिवे दिसायला लागले. नृसिंहाने एक बैलगाडी मागे टाकली, मोटार पुन्हा रस्त्याच्या मधोमध घेतली.

"मी येईन न्यायला," तो म्हणाला.